वाडीवरचा तंबू



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजचा विषय वाचून काहींच्या मनात आले असेल की, इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय अशा भारदस्त मंडळींच्या पंगतीत हे सुट्टीतले पोर कोठून येऊन बसले! तंबू ठोकून समुद्रकाठी रात्र काढणे ही शाळकरी मुलांची हौस. तिच्यावर तासभर बोलण्यासारखे काय असणार? माझे म्हणणे असे की, आहे. केळवे-माहीमपासून बोर्डीपर्यंत आपल्या किनाऱ्यावर ज्या बागायती वाड्या आहेत, त्या पुढच्या पिढीच्या हाती वाड्या म्हणून जाणार की तुकडे पाडून विकलेली जमीन म्हणून जाणार, हा विचार आज पुष्कळ घरांतून चाललेला आहे; आणि त्याचे जे एक उत्तर लोक शोधू लागले आहेत, ते म्हणजे हा तंबू. ते उत्तर कितपत टिकते, हे पाहावे एवढाच आजचा हेतू.

आधी वाडी म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण मुंबईकराला वाडी म्हटले की गिरगावातल्या चाळी आठवतात. विरार सोडून गाडी उत्तरेला निघाली की डाव्या हाताला खाजणे आणि मिठागरे दिसू लागतात. केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू, घोलवड यांपैकी कोणत्याही स्टेशनावर उतरून पश्चिमेची वाट धरली म्हणजे शेवटी एक अरुंद हिरवी पट्टी लागते. पुढे समुद्र, त्याला पाठ लावून सुरूचे बन, बनाच्या आडोशाला वाडी, वाडीच्या मागे भाताची खाचरे. हा क्रम कोणी कागदावर आखलेला नाही. वाऱ्याने आणि पाण्याने तो शिकवला. खारा वारा थेट आत आला तर केळीची पाने करपतात. म्हणून आधी सुरू. सुरूच्या मुळांवर जे सूक्ष्म जंतू राहतात ते हवेतला नत्र बांधून देतात, त्यामुळे हे झाड निव्वळ वाळूतसुद्धा उभे राहते. त्याच्या मागे माड, पोफळी, केळी, केळवे-माहीमकडे पानवेली, उत्तरेला डहाणू-घोलवडकडे चिकू. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण गोडी त्याच्या पुष्कळ आधीची आहे. या वाड्या वाडवळांनी, भंडाऱ्यांनी, पुढे इराणी-पारशी बागाइतदारांनी उभ्या केल्या, आणि त्यांत राबणारे हात बहुतांशी वारल्यांचे, हे विसरून चालणार नाही. किनाऱ्यालगत मांगेल्यांची घरे. मासळी आणि भाजीपाला यांची देवघेव येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे.

तंबूही या किनाऱ्याला अगदी नवखा नाही, हे जाता जाता सांगतो. १७३९ सालच्या आरंभी चिमाजी आप्पांच्या फौजेने माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी पोर्तुगीजांकडून घेतली, तेव्हा याच वाड्यांच्या आसपास राहुट्या पडल्या असतील. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्या छावण्यांनी वाड्यांचे काय केले असेल याची कल्पना करावी. फौज विहिरीला विचारून पाणी पीत नाही. आजचा पाहुणा फौजेसारखा यावा की सोयऱ्यासारखा, एवढाच आपल्यापुढचा मुद्दा आहे.

आता या पट्टीच्या दोन्ही अंगांना काय घडले ते थोडक्यात सांगतो. १९६९ साली तारापूरला देशातले पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले. बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि वाडीवरची मुले सायकलवरून कामाला जाऊ लागली. महिन्याच्या महिन्याला पगार येतो, तो चिकूच्या भावासारखा हेलकावत नाही. मुले गेली यात त्यांचे काय चुकले? पण याच वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल मांगेला समाजाच्या संस्थेला २०१६ साली हरित लवादाकडे जावे लागले, हीही त्याच नाण्याची बाजू आहे. डहाणू तालुक्याचे नशीब थोडे वेगळे. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने तो पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश ठरला, उद्योगांना तालुकाभर मिळून पाचशे एकरांची मर्यादा आली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ च्या डिसेंबरात न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमले गेले. वाढवणच्या बंदराला या प्राधिकरणाने १९९८ साली नकार दिला होता. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने, धर्माधिकारींच्या पश्चात, अटी घालून परवानगी दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. समुद्रात भर घालून सुमारे १४४८ हेक्टर जमीन तयार करण्याची ही योजना आहे.

बंदराच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्यासाठी मी उभा नाही; त्याला स्वतंत्र व्याख्यान लागेल, आणि सभागृहही मोठे लागेल! मला एवढेच दाखवायचे आहे की, रस्ता रुंद होण्याची नुसती वार्ता आली तरी वाडीच्या फाटकाशी गाडी थांबते आणि कोणीतरी सभ्य गृहस्थ उतरून विचारतो, "काका, जागा द्यायची आहे का?" अशा वेळी "नाही" म्हणण्याला नुसता अभिमान पुरत नाही. नारळाला भाव नाही, पानवेलीला मजूर नाही, मुलगा बोईसरला. मग "नाही" म्हणायचे कशाच्या जोरावर?

येथे पाहुणा येतो. चर्चगेटची लोकल २०१३ साली डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हापासून शनिवारी मुंबईहून सुटलेला माणूस अंधार पडायच्या आत वाडीवर पोचू शकतो. त्याला झाडाखाली झोपायचे असते, मुलांना माड दाखवायचे असतात, आणि यासाठी पैसे मोजण्याची त्याची तयारी असते. बारामतीकडे २००५ साली कृषिपर्यटनाचा प्रयोग सुरू झाला. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषिपर्यटनाचे धोरणही काढले. तेव्हा कल्पना मान्य झालेली आहे. प्रश्न मापाचा आहे. कारण मी असे पाहतो की, पहिल्या वर्षी दोन तंबू, दुसऱ्या वर्षी चार खोल्या, तिसऱ्या वर्षी माड तोडून पोहण्याचा तलाव, आणि पाचव्या वर्षी वाडी नावापुरती, फाटकावरच्या पाटीत! पाटीवर अर्थातच 'पर्यावरणपूरक' हा शब्द असतो. भिंतीला हिरवा रंग दिला की तो शब्द लिहिता येतो, अशी काहींची समजूत दिसते.

माप कोणते? माझ्या मते विहीर. किनाऱ्यावरच्या वाळूत गोडे पाणी कसे राहते हे आपण पाहिले पाहिजे. पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण ते हलके असते. दुधावर साय असावी तसे. डच आणि जर्मन अभियंत्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याचा हिशेब मांडला. समुद्रसपाटीच्या वर जितके फूट गोडे पाणी उभे असेल, त्याच्या सुमारे चाळीसपट खोलीपर्यंत ते खाली असते. ऐकायला हे वैभव वाटते. पण हिशेब उलटा करून पाहा. वरून एक फूट पाणी उतरले की खालचे खारे पाणी चाळीस फुटांनी वर सरकू पाहते. एका रात्रीत हे होत नाही, म्हणूनच ते अधिक फसवे. जुन्या माणसांचा रहाट बैलाच्या पावलाने फिरायचा. बैल थकला की उपसा थांबायचा आणि विहीर श्वास घ्यायची. विजेचा पंप थकत नाही. वसई-अर्नाळ्याकडे वाडीत बावखल नावाचे उथळ तळे राखत, त्यात पावसाचे पाणी साठून जमिनीत मुरायचे. त्यांतली कित्येक बावखले भराव टाकून बुजवली गेली. विहिरी मचूळ झाल्या की दोष मात्र समुद्राला!

आता पाहुण्याचे पाणी मोजू. शहरात दर माणशी दर दिवशी १३५ लिटर पाणी धरण्याचा आपल्याकडे सरकारी प्रघात आहे. खेडेगावात ५५ लिटर धरतात. उन्हाळ्यात माडाला चार दिवसांतून एकदा सुमारे दोनशे लिटर पाणी द्यावे असे कृषिशास्त्र सांगते, म्हणजे रोजचे पन्नास. तेव्हा मुंबईच्या सवयीने राहणारा एक पाहुणा जवळजवळ पावणेतीन माडांचे पाणी पितो. असे वीस पाहुणे आले तर दिवसाचे २७०० लिटर. एकरात सत्तर माड धरले तर ही पाऊण एकर जादा बाग झाली, आणि तीही ऐन वैशाखात, विहीर तळाला गेलेली असताना. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि कमरेइतका खोल तलाव बांधला तर तो एकदा भरायला साठ हजार लिटर लागतात; एका एकर माडांचे सतरा दिवसांचे पाणी!

कोणी म्हणेल, आपल्याकडे पाऊस थोडा का पडतो? वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाऊस धरला तर एकरावर ऐंशी लाख लिटर पाणी पडते. खरे आहे. पण ते चार महिन्यांत पडते आणि बहुतेक समुद्राला मिळते. पाहुणा येतो तो पुढच्या आठ महिन्यांत. ज्या वाडीने चर खणले, बावखल राखले, पालापाचोळा जमिनीवर राहू दिला, तिला त्यातला थोडा वाटा अडवता येतो. तंबूचा फायदा येथे आहे. खोली म्हटली की तिला न्हाणीघर, न्हाणीघर म्हटले की फवारा, आणि फवाऱ्याखाली उभा राहिलेला माणूस तासभर निघत नाही. तंबूतला पाहुणा विहिरीवर बादलीने आंघोळ करतो. बादली रिकामी झाली की आंघोळ झाली. त्याचे दिवसाचे पाणी पन्नास लिटरांवर, म्हणजे एका माडावर येते. पाहुणे किती घ्यावेत असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, वैशाखात विहिरीच्या हिशेबात जितके माड वाढवण्याची तुमची छाती होईल, तितके.

वापरलेल्या पाण्याची वाट आपल्या आजीला ठाऊक होती: मोरीचे पाणी अळूला, अळूच्या पुढे केळीला. तेवढेच करावे, साबण मात्र बेताने. संडासाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. वाळूतून घाण लवकर झिरपते आणि पाणी तर हाताला लागेल इतके वर असते, त्यामुळे येथे खोल खड्डा म्हणजे विहिरीत विष. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि मैल्याचे सोनखत करण्याचे साधे संडास लोकांपुढे ठेवले. ते करताना त्यांना हसणारे पुष्कळ होते. समुद्रकाठच्या वाडीला आजही तोच मार्ग सोयीचा आहे: जमिनीच्या वर बांधलेले दोन खण, एक भरला की दुसरा वापरायचा, वरून राख आणि पाला, आणि वर्षभराने खत माडाच्या आळ्यात. शहरातला पाहुणा आधी नाक मुरडतो. पण समजावून दिले की पुष्कळदा तोच घरी जाऊन चार जणांना सांगतो.

येथे एका माणसाचे नाव घेतले पाहिजे. बोर्डीच्या थोडे पुढे, आज गुजरातेत मोडणाऱ्या उंबरगाव तालुक्यात, देहेरी गावी भास्करराव सावे यांची 'कल्पवृक्ष' नावाची वाडी आहे. १९६० पर्यंत ती ठाणे जिल्ह्यातच होती, तेव्हा तिला परकी म्हणायचे कारण नाही. १९२२ साली जन्मलेले सावे आधी शाळामास्तर, मग रासायनिक खतांचे पुरस्कर्ते. पुढे खर्च आणि उत्पन्न यांची तोंडमिळवणी नीट पाहिल्यावर त्यांनी ती वाट सोडली आणि चिकू, माड, भात नैसर्गिक पद्धतीने केले. पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतायचे नाही, दोन ओळींमधल्या चरात सोडायचे, म्हणजे मुळे पाण्याच्या शोधात लांब जातात आणि पाणी कितीतरी कमी लागते, ही त्यांची युक्ती. जपानच्या फुकुओकांनीही ही वाडी पाहून तिची वाखाणणी केली. २०१५ साली सावे वारले. त्यांच्या हयातीत आठवड्यातला एक दिवस वाडी पाहुण्यांना मोकळी असे, आणि माणसे देशभरातून येत. ती माणसे कशासाठी येत? मऊ गादीसाठी नव्हे. मालक झाडाखाली बसून बोलत असे, त्याच्यासाठी. माझे म्हणणे असे की, वाडीवाल्यापाशी देण्यासारखी मुख्य वस्तू हीच आहे, आणि ती तलाव बांधून वाढत नाही.

आता जे राहायला जाणार आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. पहिला भरतीचा. आपल्या किनाऱ्यावर पुनवेला आणि अवसेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बारा-साडेबाराच्या सुमारास असते, आणि पुढे दर दिवशी पाऊण तासाने मागे पडत जाते. म्हणून कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला साधारण सहा. हे ज्याला ठाऊक नाही तो पुनवेच्या चांदण्याचा बेत करतो, संध्याकाळी सहाला पोचतो, समुद्र पार लांब गेलेला पाहून खूश होतो, आणि सपाट ओल्या वाळूवर तंबू ठोकतो. मध्यरात्री उधाणाची भरती त्याला उठवायला येते! तंबू नेहमी वाळलेल्या शेवाळाच्या रेघेच्या वर, आणि शक्यतो वाडीच्या कुंपणाच्या आत. किनाऱ्याची वाळू ही कोणाच्या बापाची नाही, म्हणूनच तिच्यावर मुक्काम करू नये. तेथे मासळी वाळते, चिखल्या-टिटव्या उघड्यावर अंडी घालतात, आणि मोठ्या दिव्यांचा झोत कासवांना चकवतो. डहाणूला जखमी समुद्री कासवांवर उपचार होतात हे आपल्याला अभिमानाचे आहे. त्यांची गिऱ्हाइके आपण वाढवू नयेत.

दुसरा शब्द विस्तवाचा. शेकोटीशिवाय तंबूतली रात्र पुरी होत नाही असे सिनेमाने शिकवले आहे. सुरूच्या बनात मात्र शेकोटी म्हणजे वेडेपणा. खाली सुयांसारख्या पानांचा जो थर असतो तो उन्हाळ्यात दारूगोळ्यासारखा पेटतो, आणि वारा समुद्रावरून थेट वाडीकडे वाहतो. एक बन जळाले तर त्याच्यामागच्या केळी त्या वर्षी गेल्याच, आणि नवे बन उभे राहायला पुढची कित्येक वर्षे. विस्तव घरामागच्या चुलीत असावा. तेथे बसून गप्पा मारायला कोणाची ना नाही.

चुलीवरून ज्या गोष्टीकडे मला यायचे आहे ती कृषिपर्यटनाच्या भाषणांत सहसा कोणी बोलत नाही. पाहुणा आला की काम कोणाचे वाढते? मालक पाहुण्यांना वाडी दाखवत फिरतो, झाडांची नावे सांगतो, त्याचा वेळ मजेत जातो. "काकू, अजून एक भाकरी वाढा" ही हाक मात्र स्वयंपाकघरात जाते. तांदळाच्या भाकऱ्या वीस माणसांच्या थापायच्या, अंथरुणे धुवायची, संडास स्वच्छ राहील हे पाहायचे, आणि सोमवारी पुन्हा पानवेलीला हजर! घरच्या बाईच्या फुकट श्रमावर उभा राहिलेला धंदा हा मला धंदाच वाटत नाही. जेवणाचा पैसा तिच्या हातात, तिच्या वहीत जमा झाला पाहिजे. आणि कोणत्या शनिवारी पाहुणे घ्यायचे नाहीत हे ठरवण्याचा अधिकार तिचा. हीच गोष्ट मजुरांची. वाडीवर वर्षानुवर्षे राबणाऱ्या वारली कुटुंबाला शनिवारी रात्री तारपा घेऊन पाहुण्यांसमोर नाचायला बोलावतात, तेव्हा मला संकोच वाटतो. तारपा त्यांच्या भाताच्या आणि देवांच्या हिशेबाने वाजतो, आपल्या जेवणाच्या वेळेनुसार नाही. त्यांनी बोलावले तर जाऊन ऐकावे.

एवढ्या अटी घातल्यावर यात पैसा उरतो का, असे विचारणारे समोर बसलेले मला दिसताहेत. नुसत्या राहण्याच्या भाड्यावर फार उरत नाही, हे मी कबूल करतो. दहा पाहुण्यांच्या भाड्यावर मुलाचे लग्न होत नाही. पण पाहुणा जाताना चार डझन चिकू, दोन नारळ, शेजारच्या मांगेलिणीकडून सुके बोंबील घेतो. हा माल दलालाच्या काट्यावर न जाता दारातून उचलला जातो, आणि पुढच्या वर्षी तोच माणूस पत्ता देऊन माल मागवतो. मालाचा जो भाव वाशीच्या बाजारात ठरत होता तो निदान थोड्या मालापुरता वाडीच्या ओटीवर ठरू लागतो. चिकू बारमाही, त्यामुळे हे गिऱ्हाईक हंगामापुरते राहत नाही. दहा एकरांच्या बागेला याने फरक पडणार नाही. दोन एकरांच्या वाडीला पडेल, आणि विकायला निघते ती बहुधा हीच दोन एकरांची वाडी.

शिवाय तंबूचा एक गुण खोलीला कधी येणार नाही. मे अखेरीस खुंट्या उपटून, कापड उन्हात वाळवून, घडी घालून माळ्यावर टाकले की जागा मोकळी होते. आठ महिने पायांखाली दबलेली ती माती कुदळीने एकदा हलवायची, शेणखत पसरायचे, आणि मृगाचा पाऊस पडला की तेथेच भेंडी, काकडी, पडवळ लावायचे. दसऱ्यापर्यंत मांडव उतरतो, आणि खुंट्या ठोकायला जागा पुन्हा तयार असते.